तलाव निजवायच्या आधी

रात्रीत पहिलं दव गोठलं होतं. सकाळी गवतावर पाय ठेवला की करकर वाजत होतं, आणि मेपलची गळालेली पानं कडेकडेनं पांढरी होऊन, कुणी मीठ लावून वाळत घातल्यासारखी परसभर पसरली होती. आभाळ मात्र धुतलेल्या ताटासारखं लख्ख. नदीवरून रानहंसांची लांबच लांब रांग कलकलाट करत दक्षिणेला निघाली होती. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. सोमवारी सुगीचा सण, आणि सणाच्या या तीन दिवसांत सोरेल गावातले सगळे परसातले पोहायचे तलाव हिवाळ्यासाठी निजवायचे, म्हणजे झाकून बंद करायचे, हा रिवाज. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंपांची घरघर सुरू झाली होती.

गाएतान पेलोकँ सात वाजल्यापासून कामाला लागली होती. वय एकोणसत्तर, उंची जेमतेम पाच फूट, अंगात मेलेल्या नवऱ्याचा चौकड्यांचा जाड सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून लांब दांड्याच्या जाळ्यानं ती पाण्यावरची पानं उपसत होती. तिचा तलाव जमिनीत खणलेला नव्हता. जमिनीवर उभी केलेली पत्र्याची गोल भिंत, चोवीस फूट रुंद, चार फूट उंच, आणि आत निळ्या प्लॅस्टिकचं अस्तर. तळाला गारगोट्यांची नक्षी छापलेली. असे तलाव त्या गल्लीत घरटी एक होते. पण गाएतान पानं उपसता उपसता दर दोन मिनिटांनी खाली बघायची ते पाण्याकडे नाही, बादलीकडे.

बादली तिनं काल सकाळी शिडीच्या पाण्यातल्या पायरीवर ठेवली होती. बादलीत तलावाचंच पाणी भरलेलं; आतल्या पाण्याला एक रेघ, बाहेरच्या पाण्याला एक रेघ. उन्हावाऱ्यानं पाणी आटलं तर दोन्हीकडे सारखंच आटणार. चोवीस तास झाले. बादलीतलं पाणी नखभर उतरलं होतं. तलावातलं चांगलं दोन बोटं.

म्हणजे तलाव गळत होता. संशय गेला, खात्री झाली.

उन्हाळाभर ती दर आठवड्याला नळी लावून पाणी भरत आली होती. नातींच्या उड्यांनी सांडतंय, अशी मनाची समजूत घालत. लोरांस आणि ओफेली उड्या मारायच्याही तशाच. शेजारच्या टोमॅटोंना आयतं पाणी मिळायचं. पण हिवाळ्यात नळी लावता येत नाही. वर दीड फूट जाडीचा बर्फ धरतो आणि खालचं पाणी त्याला तोलून ठेवतं. ते पाणी गळून गेलं की बर्फाचं छत लटकं राहतं, आणि एखाद्या रात्री सगळ्या वजनानिशी खाली येतं. जाताना अस्तर फाडून आणि पत्रा आत ओढून नेतं. वसंतात मग परसात उरते ती चेपलेल्या डब्यासारखी भंगाराची रास.

तिच्या मुलाचं, इव्हांचं, तेच म्हणणं होतं. तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलाशी तो म्हणाला होता, "आई, हे दुसरं अस्तरही बावीस वर्षांचं झालंय. काढून टाकू या आता. मी ट्रेलर आणतो, एका दिवसात उचलतो." गाएताननं सूप वाढता वाढता सांगितलं, "भोक असेल तर बुजवता येतं." तो म्हणाला, "सापडलं तर ना." शेवटी ठरलं असं: सणाच्या सोमवारपर्यंत भोक सापडलं आणि बुजलं तर तलाव राहील. नाहीतर इव्हां ट्रेलर घेऊन येईल, आणि गाएतान एक शब्द बोलणार नाही. तिनं शब्द दिला होता. आणि पेलोकँ बाई एकदा शब्द दिला की तो मोडत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं.

"काय गं, मासं पाळायचा इचार हाय का?" कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारचा रोझेर कुर्नुआये. त्र्याहत्तर वर्षांचा, हातात कॉफीचा पेला, पायात सपाता. "सकाळधरनं पाण्याकडं टक लावून बसलीयास."

"गळतंय," गाएतान म्हणाली. "दोन बोटं. एका दिसात."

रोझेरशी बोलताना तिची बोली आपोआप बेटावरची व्हायची. दोघं नदीतल्या बेटांवर जन्मलेले. चारी बाजूंनी पाणी, शाळेला होडी, चर्चला होडी, मयतालासुद्धा होडी. आणि गंमत अशी, की त्या बेटांवर पोहता कुणालाच येत नसे. गाएतानचा बाप म्हणायचा, पोहता येणारा माणूस बुडायला जास्त वेळ घेतो, एवढाच फरक. आई तर मुलींना गुडघ्याच्या वर पाणी लागू द्यायची नाही. गाएतान नदीकाठी वाढली, लग्न होऊन गावात आली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरी धुतल्या, म्हणजे सगळा जन्म पाण्यात हात घालून गेला. पण पाठीखाली पाणी कसं लागतं ते तिला बत्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

तलाव आणला उक्लीदनं, तिच्या नवऱ्यानं. जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. शेजाऱ्यांना वाटलं पोरांसाठी आणलाय. पहिल्या उन्हाळ्यात, पोरं झोपायला गेली की संध्याकाळच्या उजेडात तो तिला पाण्यात आडवी करायचा आणि पाठीखाली नुसता तळवा धरायचा. "दगड झालीयस. पाव हो, तरंगणारा पाव," असं म्हणायचा. ऑगस्टात एकदा त्यानं तळवा काढून घेतला आणि तिला कळलंच नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर ती रोज संध्याकाळी पाण्यावर पडते. कान पाण्याखाली, नाक वर, आभाळाकडे बघत. पोहते असं कुणी म्हणणार नाही. नुसती असते. उक्लीद जाऊन सहा वर्षं झाली, गुडघ्यांनी असहकार पुकारला, पण पाण्यात गेली की तिचे गुडघे तिशीतले होतात.

"भोक हुडकायचं म्हंजे पाण्यात उतरावं लागंल," रोझेर म्हणाला. "आन पाणी हाय बर्फावानी."

"उतरीन की."

"तुझ्या लेकाला इचारलंस?"

"त्याला कशापायी इचारू? भोक माझ्या तलावाला हाय."

पण लेक आलाच, साडेनवाला. इव्हां सेहेचाळीस वर्षांचा, दारातून जरा वाकूनच आत येणारा गडी. उन्हाळ्यात नगरपालिकेचे रस्ते दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात बर्फ लोटायची गाडी चालवायचा. येताना त्यानं डोनट आणले होते, आणि तोंडावर असा भाव, की निकाल लागलाय, फक्त वाचून दाखवायचा बाकी आहे.

"किती उतरलं?" त्यानं विचारलं.

"दोन बोटं."

"मग झालं तर."

"काय झालं? आज शनिवार आहे. सोमवार संध्याकाळपर्यंत माझी मुदत आहे. तो पंप लाव आधी, दीड फूट पाणी काढायचंच आहे."

इव्हांनं पंप लावला. पाणी नळीतून गटाराकडे धावायला लागलं. तो शिडीला टेकून हळूच म्हणाला, "आई, मी काय तलावाचा वैरी आहे का? तू संध्याकाळी एकटी असतेस. ही शिडी बघ, हलतेय. उद्या पडलीस तर कोण बघणार?"

"रोझेर बघतो. दुसरं काय काम आहे त्याला?"

"ऐकतुया म्या," कुंपणापलीकडून रोझेर म्हणाला.

अकरापर्यंत पाणी मांड्यांइतकं उरलं. गाएतान तळघरात गेली आणि वर आली ती उक्लीदची बदकांच्या शिकारीची रबरी विजार घालून. बूट आणि विजार एकजीव, छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायची. उक्लीद सहा फुटी होता. गाएतानला ती विजार हनुवटीपर्यंत आली. एका हातात काचेच्या बुडाचा जुना डबा, दुसऱ्या हातात टर्कीवर रस सोडायची रबरी फुग्याची पिचकारी, आणि बगलेत व्हिनेगरात मुरवलेल्या बीटांची बरणी.

रोझेरनं कॉफीचा पेला कुंपणाच्या खांबावर ठेवला. "बंदूक आणू का? हंगाम सुरू झालाय. असलं गुबगुबीत बदक परत मिळायचं न्हाई."

"आण. पयली गोळी कुठं बसंल ते मलाच ठावं."

"आई, बीटं कशाला?" इव्हांनं विचारलं.

"खायला नाही. लाल पाणी भोकाजवळ सोडलं की भोक ते आत ओढून घेतं. रंगाची बारीक दोरी दिसते. दुकानात याच कामाची शाई मिळते म्हणे, पण आपल्याकडे बीटं आहेत."

ती पाण्यात उतरली. थंडीनं विजार बाहेरून आवळून अंगाला चिकटली, जसं कुणी चोहोबाजूंनी मिठी मारावी आणि ती मिठी बर्फाच्या कारखान्यातली असावी. क्षणभर तिचा श्वास अडकला. इव्हां एका ढांगेत शिडीवर चढला. तिनं नुसता हात वर केला, म्हणजे थांब.

मग काम सुरू झालं. आधी कडेनं, जिथे भिंत आणि तळ मिळतो तिथे. डबा पाण्यावर टेकवायचा, काचेतून बघायचं, पिचकारीनं एक थेंब सोडायचा. लाल ढग उठायचा, जागच्या जागी रेंगाळायचा आणि विरून जायचा. पाऊल पुढे. परत ढग. परत काही नाही. अख्खा वेढा झाला. पाणी जिथून गाळणीकडे जातं त्या तोंडाभोवतीचं बघून झालं, पाणी परत येतं त्या नळाभोवतीचं झालं. काही नाही. अर्धी बरणी संपली. बोटं बिटासारखीच लाल झाली होती, त्यातली निम्मी थंडीनं.

"आई, पुरे आता. बाहेर ये."

"मध्यभाग राहिलाय."

"मध्ये कशानं भोक पडेल? मध्ये कोण जातं?"

मध्याकडे सरकताना काचेतून तिला छापील गारगोट्यांवर बारीक गाळाची एक रेघ दिसली. गाळ कुठेही कसाही बसतो, पण हा गाळ ओळीनं चालला होता, मुंग्या वारुळाकडे जातात तसा. तिनं त्या ओळीच्या शेवटी पिचकारी नेली आणि अगदी हलकेच दाबली.

लाल रंग ढग झाला नाही. दोऱ्यासारखा ताणला गेला आणि तळात शिरून नाहीसा झाला.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीतले पंप थांबल्यासारखी शांतता झाली.

तिनं बाही वर सारून हात खाली घातला. बोटाला चीर लागली. सरळ नव्हती ती. वाकडी, गोलाईची, चंद्रकोरीसारखी, दोन इंच लांब. कड मात्र सुरीनं कापावी तशी साफ. कोर आपल्या जागी चपखल बसलेली. म्हणूनच वरून कधी दिसली नव्हती. गाएतान काचेतून बघत राहिली. तिच्या हातानं एकतीस वर्षं फाटक्या चादरी वेगळ्या काढल्या होत्या. कुठली दातानं फाटली, कुठली खिळ्यानं, कुठली झिजून, हे ती न बघता सांगायची. ही झीज नव्हती. हे पातं होतं. गोल फिरणारं पातं.

"इव्हां," तिनं मान वर न करता विचारलं, "तुझं ते बर्फाला भोक पाडायचं गिरमिट केवढ्याचं आहे? मासे धरायला नेतोस ते."

इव्हां शिडीवर उभा होता तसाच उभा राहिला. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान.

"आठ इंची," तो म्हणाला.

"नवं ना?"

"फेब्रुवारीत घेतलं."

"फेब्रुवारीत मी बहिणीकडे होते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. तू माझ्या छपरावरचा बर्फ काढायला येत होतास."

इव्हांनं दोन्ही हात टोपीवर ठेवले. "बॅटरीवर चालणारं आहे, आई. मला फक्त बघायचं होतं कसं चालतं. शनिवारी सरोवरावर जायचं होतं, तिथं सगळ्यांसमोर फजिती नको म्हणून. तलावावर दीड फूट बर्फ होता. म्हटलं अर्धा फूट जाऊ आणि थांबू. पण ते लोण्यात शिरल्यासारखं गेलं, आणि एकदम खाली सटकलं. मी लगेच वर ओढलं. खरंच. काही लागलं असं वाटलं नाही मला."

"काहीच नाही वाटलं?"

"जरासं मऊ लागलं," तो म्हणाला.

कुंपणाच्या पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. रोझेर तोंडावर हात दाबून उभा होता.

"तुला ठावं हुतं?" गाएतान म्हणाली.

"खिडकीतनं बघितलं हुतं. म्हटलं पोरगं आईच्या तलावात गळ टाकून बसतंय का काय. बादली उपडी घालून तिच्यावर बसलाबी हुता थोडा येळ."

"आन मला सांगितलं न्हाईस? आठ म्हैनं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"मला काय ठावं भोक तळापतुर गेलं म्हणून? म्हटलं मासा घावला असता तर त्यानंच सांगितलं असतं की."

गाएतान हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग विजारीचं रबर हललं, मग तिच्याभोवतीचं पाणी. इव्हांला हसावं की रडावं कळेना. तो खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "आई, मी नवं अस्तर आणून देतो. वसंतात मी स्वतः बसवतो. म्हणजे, तलाव काढायचा नाही. ते राहिलंच आता."

"नवं अस्तर कशाला? दोन इंचांची चीर आहे, वसंतापर्यंत मिटून होती, पोरींच्या उड्यांनी उघडली. विजार तुला येत नाही, तेव्हा पँट गुडघ्यावर घेऊन काही उपयोग नाही, पूर्ण काढ. माझी बोटं बधिर झालीत, ठिगळ तुलाच लावायचंय."

आणि तो उतरला. साडेसहा फुटांचा गडी, अर्धी चड्डी घालून, त्या पाण्यात. त्या गावाकडे माणूस चिडला की आईबापांवरून शिवी देत नाही, चर्चमधल्या वस्तूंची नावं घेतो. इव्हांनं वेदीपासून सुरुवात केली, प्रसादाच्या पेल्यावर आला, पवित्र पेटीपर्यंत पोचला आणि मग परत वेदीवर. रोझेर बोटांवर मोजत होता. "मेणबत्त्या ऱ्हायल्या," त्यानं आठवण करून दिली.

गाएतान शिडीवरून सांगत होती. निळ्या ठिगळाचे कोपरे आधीच गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा हळूहळू उचलला जातो. एका बाजूला पाण्याखाली धरणारा गोंद, ठिगळ दुमडून गोंद आत झाकलेला. तळाशी नेऊन उघडायचं, कोरीवर ठेवायचं, मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत जायचं. "हवा राहू देऊ नकोस. कणकेतला फुगा दाबतोस तसा नाही, चादरीची सुरकुती काढतात तसा." तिनं टॉवेलात गुंडाळलेली वाळूची पिशवी त्याच्या हातात दिली. "आता ही वर ठेव. उद्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. थंडीत गोंद आळशी होतो."

तो बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते. तिनं त्याला दोन टॉवेलांत गुंडाळून स्वयंपाकघरात बसवलं आणि पुढ्यात माशांच्या जिब्लोतचा, म्हणजे घट्ट रस्स्याचा, मोठा वाडगा ठेवला. सोरेलमधल्या कुठल्याही आजारावर, भांडणावर आणि चुकीवर तेच औषध. रोझेर न बोलावता मागच्या दारानं आला आणि आपला वाडगा आपणच घेऊन बसला.

"शिडी मात्र बदलायची," दातांचा आवाज थांबल्यावर इव्हां म्हणाला. "दोन्हीकडे धरायला कठडा असलेली. आणि पाण्यात जाताना रोझेरला सांगून जायचं."

"रोझेरला सांगितलं तर तो खुर्ची टाकून बसेल."

"म्या काय बघणार?" रोझेर म्हणाला. "नाक तेवढं वर आसतंय."

"शिडी आण," गाएतान म्हणाली. "दुसऱ्या अटीचा विचार करते."

रविवारी संध्याकाळी तिनं दांड्यानं वाळूची पिशवी ओढून काढली आणि बादली परत पाण्यात ठेवली. पायरी आता पाण्याच्या वर राहिली होती, म्हणून तळावर विटा रचून त्यांवर. दोन नव्या रेघा मारल्या. रात्री तिला नेहमीसारखी झोप लागली.

सोमवारी इव्हां आठलाच आला. मागे ट्रेलर नव्हता. गाडीच्या टपावर दोरीनं बांधलेली शिडी होती, दोन्हीकडे कठडा असलेली. तो सरळ तलावापाशी गेला आणि वाकून बघायला लागला. गाएतान त्याच्याआधीच बघून आली होती, पण तिनं त्याला बघू दिलं.

"बादली नखभर," तो म्हणाला.

"आणि तलाव?"

"नखभर."

त्यानंतर बोलण्यासारखं काही नव्हतं, करण्यासारखं होतं. इव्हांनं पंप सोडवला, गाळणीतलं पाणी काढलं आणि दोन्ही उचलून तळघरात नेली. गाएताननं नळांच्या तोंडांत बुचं बसवली आणि प्रत्येक बूच दोनदा फिरवून बघितलं. शेवाळाचं औषध पाण्यात गोलगोल ओतलं. मग गाडीची काच पुसायच्या द्रावाचे रिकामे निळे कॅन आले. प्रत्येकात थोडी वाळू, सगळे एका दोरीत ओवलेले. दोरी तलावाच्या या कडेपासून त्या कडेला बांधली, म्हणजे बर्फ फुगला की भिंतीवर जोर न काढता कॅन चेपत बसेल. सगळ्यावर काळं जाळं. जाळं ताणायला रोझेर आला, सपाता घालूनच, आणि एक सपात तलावात पडली. ती काढण्यात दहा मिनिटं गेली.

"गिरमिट कुठाय रं?" जाताना त्यानं इव्हांला विचारलं.

"विकलं," इव्हां म्हणाला.

"खोटं बोलतोय," गाएतान म्हणाली. "गाडीतच आहे. मी बघितलंय."

इव्हां हसला, आईच्या कपाळाला ओठ टेकवले आणि मुलींना आणायला गेला. दुपारी सगळ्यांचं जेवण तिच्याकडेच होतं. गाएताननं हात सदऱ्याला पुसले. तलाव जाळ्याखाली काळा आणि गप्प पडला होता. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, जसं कुणी निजलेल्या लेकराच्या खोलीत डोकावतं आणि दार लोटून घेतं.

मशीनमधल्या चादरी कधीच्या धुऊन झाल्या होत्या. ऊन होतं, वारा होता. असा दिवस आता फार मिळायचा नाही. ती टोपली घेऊन आली, पहिली चादर झटकली, दोरीवर टाकली आणि तोंडात धरलेला चिमटा काढून तिच्या कोपऱ्याला लावला.